झोळ्यांची वही

शेखर, माझा मुलगा, सकाळी दहाच्या सुमारास घरात आला आणि चपलासुद्धा न काढता म्हणाला, "आई, पंचफुलामावशी गेली." मी मेथी निवडत होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, की "अशी कशी गेली? परवाच तर माझ्याशी भांडली ती." आणि खरंच भांडली होती. गुडघ्यांना तेल लावायचं की शेक घ्यायचा, यावरून फोनवर अर्धा तास वाद, आणि शेवटी "तू मास्तरीन, मी नर्स, तू गप राय" म्हणून तिने फोन ठेवला होता. ऐंशी ओलांडलेल्या दोन बायका, पण आमचं मूर्तिजापूरच्या शाळेपासून हे असंच चालत आलेलं. आता दीड महिना झाला. अजून गुडघा ठणकला की हात फोनकडे जातो, मग आठवतं, आणि रडू येण्याआधी मला तिचा रागच येतो.

माझे वडील भिक्षुकी करायचे, तिचे वडील छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होते, आणि तिची आई कापूस वेचायला जायची. वर्गात पंचफुला मागच्या कोपऱ्यात बसायची. का बसायची, ते कोणी विचारत नसे. मीही विचारलं नाही, आणि ते आठवलं की आज मान खाली जाते. गणिताच्या तासाला मात्र सगळ्या वर्गाचं लक्ष त्या कोपऱ्याकडे, कारण उत्तर तिथूनच यायचं. मॅट्रिक झाल्यावर ती अमरावतीला नर्सचं शिकायला गेली. मी बी.ए. झाले, लग्न होऊन अकोल्याला वकिलांच्या घरात आले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चालण्यातच फरक पडला होता. "आता कोपऱ्यात नाई बसत मी," म्हणाली, आणि दिवाणखान्यातल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. सासूबाई आतून पाहत होत्या. त्यांनी चहा पाठवला, पण वेगळ्या कपातून. पंचफुलाने तो कप पाहिला, चहा पूर्ण प्याली आणि कप स्वतः विसळून ठेवला.

तिची नेमणूक अकोल्याजवळच्या एका दवाखान्यात होती. अफूची दुकानं तेव्हा बंद होत आली होती, जुन्या अफूबाज म्हाताऱ्यांना डॉक्टर तपासून परवाने देत. पण अमरावतीच्या एका डॉक्टरसाहेबांना म्हाताऱ्यांपेक्षा तान्ह्या बाळांची काळजी होती. वेचणीला जाणाऱ्या आया बाळाला मोहरीएवढी अफू चाटवतात, बाळ दिवसभर झोळीत निपचित पडून राहतं आणि एखादं उठतच नाही, हे त्यांच्या कानावर आलं होतं. किती घरांत देतात, कोणत्या महिन्यापासून, सुटते कशी, हे कोणी कधी लिहून काढलं नव्हतं. ते काम त्यांनी पंचफुलाकडे दिलं आणि सांगितलं, हे नीट पार पाडलंत तर मुंबईला वर्षभराच्या शिक्षणाची एक जागा आहे, तुमचं नाव मी पाठवतो. ही बातमी सांगायला ती माझ्या शाळेत आली होती, मधल्या सुट्टीत, आणि मुलींच्या देखत तिने मला कडकडून मिठी मारली. गँगमनची पोर मुंबईला शिकायला जाणार... मला इतका आनंद झाला की पुढच्या तासाला मी भूगोलाऐवजी इतिहास शिकवला.

पण मुंबई हे तिच्यासाठी अर्धंच कारण होतं. तिचा सर्वांत धाकटा भाऊ एका वेचणीत झोळीतून उठला नव्हता. तिची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, पोराला दृष्ट लागली. पंचफुलाला नर्सचं शिकताना खरं काय ते कळलं आणि तिने आईला ते कधीच सांगितलं नाही.

पहिल्या फेरीत तिने जी चूक केली, ती आठवून आम्ही म्हातारपणीसुद्धा हसायचो. पांढरीशुभ्र साडी, काखेत सरकारी वही आणि पाटलाने सोबत दिलेला गावचा कोतवाल, असा सगळा थाट घेऊन ती दारोदार विचारत फिरली, "बाई, लेकराले अफू देता का?" पंधरा दिवसांत एकाही घरी 'हो' मिळालं नाही. "कोतवालाले संग घेऊन इचारून राहिली होती मी," ती म्हणायची. "मले कोन सांगन? वरतून एकीनं मलेच इचारलं, बाई, तुमी घेता का?" डॉक्टरसाहेबांकडे ती कोरी वही घेऊन गेली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सरकार बनून गेलात, त्यांनी सरकारला उत्तर दिलं." हे तिच्या मनाला फार लागलं.

मग तिने रजा काढली. आईचं जुनं लुगडं नेसली आणि पलीकडच्या गावात, जिथे तिला कोणी नर्स म्हणून ओळखत नव्हतं, तिथे वेचणीला गेली. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात, त्या दिवसापासून ती बायांच्या रांगेत होती. लहानपणी आईबरोबर वेचलेला कापूस बोटांना आठवत होता, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या बाईने तिच्यादेखत करंगळीच्या नखावर काळा कण घेतला, बाळाच्या तोंडात, टाळूला लावला आणि त्याला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला बांधलेल्या झोळीत निजवलं. "आता दुपारलोक नाई उठत," ती बाई म्हणाली. पंचफुलाने विचारलं, काहून देतं वो? त्यावर ती चिडलीही नाही. "मंग काय करू? थो रडन तं मी वेचू कवा? तुह्या घरी कोनी हाये का सांभाळाले? माह्या घरी नाई."

त्या दिवशी संध्याकाळी पंचफुलाने सगळ्या बायांना आपण कोण ते सांगून टाकलं. फसवून घेतलेलं खरं तिला वापरायचं नव्हतं. दोघी-तिघी उठून गेल्या, एकीने शिव्या दिल्या. राहिल्या त्यांनी एकच अट घातली, नाव लिहायचं नाही, कारण नाव गेलं की मागून अबकारीचा शिपाई येतो. पंचफुलाने शब्द दिला. मग बायांना ओळखायचं कसं? तिने झोळ्या लिहिल्या. प्रत्येकीची झोळी तिच्याच कोणत्यातरी फाटक्या लुगड्याची, आणि दोन लुगड्यांचे काठ कधी सारखे नसतात. 'हिरवी, तांबडा काठ, पाच महिने, दिवसातून दोनदा.' 'जांभळी, काठ उसवलेला, मुलगी.' दोन हंगाम ती गावोगाव गेली आणि अशी वही भरत गेली. नाव एकही नाही.

आता माझं सांगते. त्याच सुमारास शेखर झाला. मला अकराला शाळेत पोचावं लागे आणि हा दिवसभर रडे. सासूबाईंच्या फडताळात एक पितळी डबी होती. "मोहरीएवढी दे, आमच्या घरात सगळ्यांनाच दिली," त्या म्हणाल्या, आणि मी दिली. त्यांनी नाही, मी माझ्या हाताने दिली. शाळेत मुलींना शरीरशास्त्र शिकवणारी मी, रोज पावणेअकराला पोराला अफू चाटवून घराबाहेर पडत होते. चार महिने हे चाललं. एकदा सुट्टीच्या दिवशी पंचफुला दुपारी आली. पाळण्यापाशी उभी राहिली, शेखरच्या पापण्या उघडून पाहिल्या. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली.

"काय देतं याले?"

"काही नाही गं," मी म्हणाले. अगदी त्या गावातल्या बायांसारखं.

मला वाटलं, आता ही मला फाडून खाईल. तिने पाळण्यातलं माझ्या जुन्या साडीचं दुपटं बोटांनी चाचपलं, पिशवीतून वही काढली आणि लिहिलं, 'अकोला. पांढरी, जरीकाठी. मुलगा.' मी तिचा हात धरला. म्हटलं, पंचे, माझं नाव लिहू नकोस, यांची वकिली आहे, माझी नोकरी आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला वाटलं. "कोनाचंच नाई लिवलं, तं तुहं काहून लिवू?"

पुढचे तीन आठवडे दवाखाना आटपला की ती आमच्याकडे यायची. अफू एकदम बंद करायची नाही, कण कण कमी करत जायची, हे डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं. शेखर ओरडून ओरडून निळा पडायचा आणि पंचफुला त्याला छातीशी धरून आमच्या माजघरात येरझारा घालायची. हो, माजघरात. सासूबाईंनीच तिला आत बोलावलं होतं. शेवटच्या दिवशी पोरगं रडलं, दूध प्यायलं आणि आपोआप झोपलं. सासूबाईंनी फडताळातली डबी आणून तिच्या हातात दिली. "ही तूच घेऊन जा. माझ्या हातून टाकवणार नाही," म्हणाल्या, आणि घरातल्या रोजच्या कपात तिला चहा करून दिला.

दुसरा हंगाम संपला आणि अमरावतीहून बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर गेले. तिला सोबत म्हणून गेले असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, ते खोटं आहे. मी माझ्या भीतीपोटी गेले होते. खोलीत डॉक्टरसाहेब होते, एक मोठे अधिकारी होते आणि मी उघड्या दाराबाहेर बाकावर. अधिकाऱ्यांनी वही चाळली आणि विचारलं, नावं कुठे आहेत? नावांशिवाय हे खरं कशावरून? हिरव्या झोळीची बाई कोण?

"साहेब, मले लुगडी आठवते, बाया नाई आठवत," पंचफुला म्हणाली.

"बाई, मुंबईच्या जागेचा कागद हा इथे आहे. नावं द्या, मी आत्ता सही करतो. तुम्ही गुन्हेगारांना पाठीशी घालताय, कळतंय का?"

साहेबांपुढे बोलताना आम्ही सगळे शुद्ध बोलायला धडपडायचो. ती आपल्या बोलीतच बोलली. "माही माय गुन्हेगार नव्हती, साहेब. तिचं एक लेकरू गेलं याच्यात. तुमी शेतावर चाला, झोळ्या पाहा, मी सोबत येतो. पन नाव देलं तं पुढच्या साली मले कोनी खरं सांगनार नाई. मंग मुंबईहून शिकून येऊन मी करू काय?"

बाहेर बाकावर मी सगळं ऐकत होते. तिच्या एका शब्दावर माझं घर उलटंपालटं होणार होतं आणि तिचं आयुष्य उजळणार होतं. आत डॉक्टरसाहेबांनी वही मिटली आणि तिच्या हातात परत दिली. जागेचा कागद अधिकाऱ्यांनी फाइलमध्ये घातला. मुंबईला दुसरीच कोणी गेली. बाहेर आल्यावर पंचफुला म्हणाली, "चाल, भूक लागली." स्टेशनबाहेर आम्ही भजी खाल्ली. बडनेऱ्याला गाडी बदलताना ती एकदम म्हणाली, "मले लय वाईट वाटून राहिलं, कुमुद," आणि फलाटावर बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. त्याची लाज मला अजून आहे.

पुढच्या वेचणीला ती त्याच बायांकडे गेली. नावं बाहेर गेली नाहीत हे त्यांना कळलं होतं. आता त्या स्वतःहून सांगू लागल्या, शेजारणींना घेऊन येऊ लागल्या. मग तिने आणि त्यांनी मिळून एक रीत बसवली. सगळ्या झोळ्या एकाच झाडाखाली बांधायच्या, दोन म्हाताऱ्यांनी तिथे बसून लेकरं सांभाळायची, आणि संध्याकाळी प्रत्येकीने आपल्या ओटीतला ओंजळभर कापूस त्यांना द्यायचा. हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. डॉक्टरसाहेब मुद्दाम येऊन पाहून गेले. तिथल्या एका बाईने त्यांना दरडावलं, हळू बोला, लेकरं निजली हायेत, अफूबिगर निजली हायेत. पंचफुला नर्स म्हणून लागली आणि नर्स म्हणूनच निवृत्त झाली, पण त्या झाडाखालच्या रांगेइतकं मोठं काम आमच्या पिढीत कोणी केलेलं मला ठाऊक नाही.

फार पुढे, एचआयव्हीची भीती गावोगाव पसरली आणि तपासणीला यायला माणसं घाबरू लागली, तेव्हा त्या कामातली तरुण मुलंमुली तिच्याकडे सल्ला मागायला येत. ती त्यांना म्हणायची, आधी नाव इचारू नका, आधी बसा. ते वहीत टिपून घेत, आणि मला हसू यायचं, अभिमानानेच यायचं.

हा लेख लिहून झाला तेव्हा खाली मी 'एक मैत्रीण' एवढंच लिहिलं होतं. वरच्या मजकुरातलं माझं आणि शेखरचं नावही बदललेलं होतं. पाठवण्याआधी शेखरला वाचायला दिला, कारण साठी ओलांडलेल्या मुलाला हे वर्तमानपत्रातून कळू नये. तो वाचत होता तोवर मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत राहिले. बाहेर आले तर त्याचे डोळे भरलेले.

"मावशीला सगळं माहीत होतं, आणि माझ्याशी कधी एका शब्दाने बोलली नाही?"

"कोणाचंच कोणाशी बोलली नाही ती. बाकीच्या झोळ्या कोणाच्या, ते मलासुद्धा सांगितलं नाही."

त्याने कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "तिने नाव लपवलं ते तुझ्यासाठी, आई. आता तू कोणासाठी लपवतेस?"

नावं पुन्हा खरी लिहिली. 'एक मैत्रीण' खोडलं. अकोल्याच्या पानावरची पांढऱ्या जरीकाठी दुपट्याची ती आई मी आहे, कुमुदिनी भास्कर पाठक.