झडपेतला नारळ

आमचं गाव न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी एका पाइपातून खाडीत जातं. पाइपाच्या तोंडाशी लोखंडी झडप आहे. पाणी बाहेर पडताना ती उघडते आणि भरती आली की बंद होते, म्हणजे समुद्र उलटा गावात शिरत नाही. मी निवृत्त ड्रेनेज इंजिनिअर. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मागे लागून ती झडप मीच बसवून घेतली होती, आणि कुणाकडे जेवायला गेलो की ते सांगायचो.

त्या वर्षी विसर्जनाला खाडीवर गेलो तेव्हा ओहोटी होती. मी सोडलेला नारळ हारासकट झडपेच्या फटीत जाऊन बसला.

"बाप्पाला जायचं नाहीये, काका!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

काढायला वाकलो तर बायको म्हणाली, "विसर्जनाचा नारळ परत काढतात का?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण खाली चिखल होता आणि अंगात रेशमी कुर्ता. "भरतीबरोबर जाईल," मी म्हणालो. भरती अडकलेलं आणखी घट्ट दाबते, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात वादळाचा इशारा आला. उताराच्या शेवटच्या घरात नागपूरचा एक तरुण राहायचा. त्याच्या आईला वरच्या मजल्याचे जिने झेपत नसत, म्हणून ती अंगणातून थेट शिरता येणाऱ्या बेसमेंटमधल्या खोलीत झोपायची. त्याने फोन केला. "काका, आईला हॉटेलमध्ये शिफ्ट करू का?"

"झडप आहे ना! उगाच म्हातारीचे हाल कशाला?"

नारळ तेव्हा मला आठवला होता. खाडी जवळच होती. पण बाहेर पाऊस होता.

पहाटे समुद्र रस्त्यावरच्या गटारांच्या जाळ्यांमधून वर आला. आईला बाहेर काढलं, पण छातीत पाणी गेलं होतं. ती हॉस्पिटलमधून परत आली नाही. पाणी ओसरल्यावर मी गुपचूप जाऊन नारळ उपटून काढला. चिखल घोट्यापर्यंतच होता.

तेराव्याला त्याची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "बेसमेंटमधलं पाणी उपसायचा पंप बंद ठेवला होता यानं. म्हणे आईंची झोपमोड होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, पंप चालू असता तर फरक पडला असता?"

समुद्र उपसेल असा पंप कुणाच्या घरात नसतो.

"पडला असता," मी म्हणालो. कुणीतरी मला जिलबी वाढली. मी खाल्ली.

ते दोघं आता दूर हर्नडनला असतात. बायको अजून पाहुण्यांसमोर पंपाचा विषय काढते, आणि तो उठून पाणी आणायला जातो, असं कानावर आलं. गेल्या महिन्यात मी फोन करून त्याला सगळं सांगितलं.

"थांबा काका, स्पीकरवर टाकतो. परत सांगा."

परत सांगितलं.

"नारळ कुणाचा होता?" तिने विचारलं.

"माझाच."

ती माझ्याशी पुढे बोललीच नाही. त्याला म्हणाली, "म्हणजे आईंना हॉटेलात न्यायला तुला या माणसाची परवानगी हवी होती?"

त्याने फोन ठेवला नाही. मी ऐकत राहिलो.