ब्रेकताईंच्या कार्डाची लिमिट

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. शिकायला आलेली बाई स्टिअरिंग घट्ट धरून डोळे विस्फारून बसायची आणि शेजारच्या सीटवरून आवाज यायचा, "ब्रेक, ताई, ब्रेक!" ताई म्हणजे खरं तर ती शिकणारी, पण नाव चिकटलं ते शिकवणारीलाच. त्यांनाही ते आवडायचं.

उभं आयुष्य शाळेच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेलं होतं. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं. निवृत्त झाल्यावर बाकीच्या मैत्रिणी गुडघे सांभाळू लागल्या, तर यांनी एक जुनी गाडी घेतली, आपल्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला आणि फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. सुरुवातीला नातेवाईक हसले. मग त्यांच्याच बायका शिकायला येऊ लागल्या.

ती गाडी एका सकाळी भर चौकात बसली. स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गिअर टाकताना कर्रकन आवाज झाला आणि गाडीने जागा सोडली नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"मी काही मोडलं का हो?" डॉक्टरीणबाई रडकुंडीला आल्या.

"तुमचा काही दोष नाही. वय झालंय तिचं. उतरा, ढकलू या."

गॅरेजवाल्याने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि हात पुसत सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, ताई. क्लचप्लेटही जळलीय." त्याने खर्चाचा आकडा सांगितला. ब्रेकताईंच्या क्रेडिट कार्डाची लिमिट त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. कार्ड शाळेत असताना काढलेलं, लिमिटही तेव्हाची. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, सगळं त्यावरच चालायचं.

पण त्या घाबरल्या नाहीत, कारण सून त्याच कार्ड कंपनीत होती. तीही कुठे, तर लिमिट वाढवायची की नाही हे ठरवणाऱ्या विभागात. घरचीच माणसं असताना काळजी कशाला?

संध्याकाळी सून कणीक मळत होती. ब्रेकताई स्टूल ओढून बसल्या.

"अगं, माझ्या कार्डाची लिमिट तेवढी दुप्पट करून टाक. गाडी अडकलीय."

सुनेचे हात थांबले. "आई, मला नाही करता येणार."

"का? तुझंच तर काम आहे ते."

"म्हणूनच. घरच्यांच्या फाइलला आम्ही हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हाच ऑफिसात सांगून ठेवलंय, तुमचं कार्ड आमच्याकडचं आहे म्हणून. मला ती फाइल दिसतसुद्धा नाही." मग जरा दबकत म्हणाली, "आणि आई, एवढ्यात अर्ज करू नका. थोडं थांबा."

थांबा! ब्रेकताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या सुनेला माहेरी जाताना आपण स्टेशनवर सोडतो, तिने आपल्याला थांबा म्हणावं? त्या खोलीत गेल्या आणि मोबाइलवर अर्ज ठोकून मोकळ्या झाल्या. 'सध्या आपली विनंती मान्य करता येत नाही' असं उत्तर आलं. त्यांनी इरेला पेटून आणखी दोन बँकांकडे नव्या कार्डासाठी अर्ज केले. तिथूनही नकार.

पुढचे काही दिवस घरात बोलणं फक्त कामापुरतं. मुलगा दोघींच्या मध्ये बसून मुकाट्याने जेवायचा आणि मीठ हवं असलं तरी मागायचा नाही.

शेवटी रविवारी सकाळी ब्रेकताईंनाच राहवलं नाही. सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या हातात चिमटे देता देता त्या म्हणाल्या, "एक सांग. आजवर मी कुणाचा छदाम बुडवला आहे का?"

"नाही, आई."

"मग मला नाही का म्हणतात?"

सुनेने बादली बाजूला सरकवली आणि तिथेच खाली बसली. "तुमची फाइल मी पाहिलेली नाही. पण तुमच्याबरोबर राहते ना, अंदाज येतो. कंपनीला तुम्ही दिसत नाही, आई, फक्त कार्ड दिसतं. त्यांच्याकडे तुमचा पगार शाळेतला लिहिलेला, तोही आता बंद. क्लासची कमाई कुठे कळवलीत?"

"ती कशाला कळवायची? कर भरते की मी."

"मग तेच कागद द्यायचे. दुसरं, तुम्ही दर महिन्याला लिमिट काठोकाठ वापरता."

"आणि पूर्ण फेडते!"

"फेडता. पण बिल निघतं त्या दिवशी कार्ड भरलेलं असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, या बाईची ओढाताण चाललीय. त्यात मध्ये दोनदा तारीख चुकली."

"अगं, तेव्हा तूच हॉस्पिटलात होतीस, बाळंतपणाला! मी बिल बघत बसू की तुला?"

सून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला माहीत आहे. कार्डाला कुठे माहीत? आणि आता, हे सांगत होते, घाईघाईत तिघांकडे मागितलंत. एकदम इतक्या ठिकाणी मागणारा माणूस अडचणीत असणार, असाच हिशोब धरतात सगळे."

ब्रेकताईंनी हातातले उरलेले चिमटे बादलीत टाकले. मग म्हणाल्या, "हे त्या दिवशीच सांगायचंस."

"तुम्ही दार लावून घेतलंत."

हे मात्र खरं होतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गाडी बिघडल्याचं अजूनही त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. "आमची गाडी दारात धूळ खात उभी आहे. तिच्यावरच शिकवता का?"

ब्रेकताई गेल्या. पायाशी जादा ब्रेक नाही, म्हणून एक हात कायम हँडब्रेकवर. पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून बसल्या, पण जमलं. डॉक्टरीणबाईंनी मैत्रिणींना सांगितलं आणि एक नवीनच गोष्ट उघडकीला आली. कपाटात लायसन्स आणि दारात गाडी असूनही भीतीने कधी न चालवणाऱ्या बायका गावभर होत्या. त्यांना नवं काही शिकायचं नव्हतं, कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. ब्रेकताईंना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. त्या कमाईतून आधी गिअरबॉक्स झाला, मग क्लचप्लेट. गॅरेजवाल्यानेही पैशांची घाई केली नाही.

कार्डाचं काम त्यांनी स्वतः केलं. कराचे कागद पाठवून कमाई नोंदवून घेतली. बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सोय केली. पेट्रोलचे पैसे बिल निघायच्या आधीच भरून टाकू लागल्या. अर्ज मात्र पुन्हा केला नाही. मुलगा मध्येच विचारायचा, "आई, आता कर की." त्या म्हणायच्या, "तू गप रे, मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं आता."

वर्ष सरत आलं तेव्हा त्यांनी एकाच ठिकाणी, एकदाच अर्ज केला.

उत्तर आलं तेव्हा त्या एका शिंपीणबाईंना गाडी कडेला लावायला शिकवत होत्या. मोबाइल वाजला. एरवी धड्याच्या मध्ये त्या फोनला हात लावत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "गाडी बंद करा जरा." मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि सुनेला फोन लावला.

"झालं गं!"

"काय झालं, आई? बरं वाटतंय ना?"

"लिमिट वाढली! तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं कळणार? किती वाढली?"

मागितली होती तेवढी नव्हती, त्याहून बरीच कमी होती. पण आकडा सांगताना ब्रेकताईंचा आवाज असा काही चढला की शिंपीणबाई दचकल्या. पलीकडून सून ओरडली, मग हळू आवाजात कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "काही नाही, माझ्या सासूबाई."

"ऐक," ब्रेकताई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई त्यांची गाडी विकतायत. गाडीचे पैसे आहेत माझ्याकडे, तिला जादा ब्रेक आणि क्लच बसवायचा तो या कार्डावर. आणि एक मदतनीस बाई ठेवेन म्हणते. कसं वाटतं?"

"छान वाटतं. पण आई, एकदम सगळी लिमिट..."

"काठोकाठ नाही वापरणार गं बाई, शिकवू नकोस मला!"

दोघीही हसल्या. फोन ठेवून ब्रेकताईंनी पट्टा नीट केला. शिंपीणबाईंनी भीत भीत विचारलं, "आज मेन रोडला जायचं का, ताई?"

"चला," ब्रेकताई म्हणाल्या. "आरशात बघा, मागून बस येतेय. ती जाऊ द्या, मग निघू."