काळ्या गोळ्याला सावली

उकाडा मोजायला फार अक्कल लागत नाही, संयम लागतो. माझा रायपूरच्या गुढियारी भागापलीकडच्या एका भाताच्या गिरणीत तिसऱ्याच दुपारी संपला.

तिथे उकडलेलं धान अंगणात पसरतात आणि बायका ते अनवाणी पायांनी उलटवत फिरतात. मी भर उन्हात तिपाई मांडली. तिच्यावर तीन थर्मामीटर: एक उघडा, एकाला ओली चिंधी, एक तांब्याच्या काळ्या गोळ्यात. तिन्हींचे आकडे जुळवले की हवा माणसाला किती सोसवेल ते कळतं. कोकणात हेच मोजताना चिंधी वाळायचं नाव घेईना. रायपूरच्या मे महिन्यात मात्र मी बाटली घेऊन तिच्यामागे धावत होतो.

सलग तीन दुपारी आकडा धोक्याच्या मर्यादेच्या वर गेला, तर बायकांना बारा ते चार सुट्टी द्यायची, असं मालकाने कबूल केलं होतं. दोन दुपारी गेला. तिसऱ्या दुपारी नळावरून परत येतो, तर तिपाई कडुनिंबाखाली! काळ्या गोळ्याला ओला गमछा फेट्यासारखा गुंडाळलेला.

"कोणी केलं हे?" मी नाटकातल्या राजासारखा गरजलो.

"मीनं," टोळीची म्होरकी मावशी म्हणाली. ती मूळची वर्ध्याकडची. "हात लावला तं चटका बसला. मरन ना ते!"

"मावशी, त्याले ऊन लागावं म्हणूनच तं आणलं!"

"काहून? ऊन खायले आम्ही कमी पडून राहिलो काय?"

बायका खो खो हसल्या. गिरणीचा हिशेब पाहणारे मुनीमजी आकडा पाहून नाचायचेच बाकी होते. "देखा भैया, कितनी ठंडक है!"

आता पुन्हा पहिल्यापासून तीन दुपारी. मी वैतागून सुट्टीची अट सांगितली, तशी मावशीच भडकली. "हे आधी काहून नाही सांगतलं?"

खरंच. मालकाला तासभर समजावलं होतं. बायकांना एक शब्द नाही.

त्यानंतर तिने माझंच जगणं मुश्कील केलं. चिंधीवर पाणी घालायला वाकलो की अंगणाच्या टोकावरून आरोळी येई, "साहेब, तुमची सावली पडून राहिली! हटा तिथून!"

तिन्ही दुपारी आकडा वर गेला. मुनीमजींनी तोंड वाकडं करून सही केली. मी तो कागद झेंड्यासारखा फडकवला. "मावशी, उद्यापासून बारा ते चार बंद!"

"उद्यापासून ना?" तिने पसरलेल्या धानाकडे पाहिलं. "मंग आजचं कोण उलटवन?"

दोन वाजले होते. तिने लुगडं वर खोचलं आणि अनवाणी धानात शिरली.