वरची चार पौंड हवा

आकुर्डीच्या वळणावर, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली ज्योतीरामचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार वासे, वर पत्रा, पाण्याचं एक घमेलं आणि एक पंप. ज्योतीराम मूळचा पारनेरकडचा. बारा वर्षं तो इथं ट्रकांच्या टायरांत हवा भरत होता, आणि बारा वर्षांत ओळखीच्या एकाही माणसाला त्याने मोजून हवा दिली नव्हती.

म्हणजे कमी दिली असं नव्हे हो! जास्त दिली. ड्रायव्हर साठ म्हणाला की हा साठ भरायचा आणि वर चार पौंड आपल्याकडून घालायचा. भाजीवाली मेथीची जुडी देते आणि वर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते, तसं. नेमकं मोजून देणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. चाकणचे कांदे-बटाटे घेऊन जाणारे ट्रक तसेही दुप्पट ओझं लादायचे, त्यांना ती हवा मानवायची. त्यामुळे यात काही चुकतंय हे कळायला एकोणीसशे अठ्ठावन्न साल उजाडावं लागलं.

त्या साली रस्ता रुंद करायचं ठरलं आणि चिंचेच्या बुंध्यावर पांढरी फुली पडली. दिवाळीपर्यंत जागा सोडायची होती. ज्योतीरामने बायकोला, शालनबाईला, दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अहो, झाडावरची फुली मला दिसतीय. आंधळी न्हाई मी. आता पुढं काय?"

पुढं दौलतराव होते. दौलतराव पिंपरीच्या एका कारखान्यात मॅनेजर; कारखान्याचे ट्रक ज्योतीरामकडेच हवा भरायचे. गणिताला पक्के, बोलायला कमी, आणि वेड एकच, मोटार पळवायचं. त्यांच्याकडे बिनटपाची एक बुटकी विलायती गाडी होती. चाकणच्या पुढे माळावर लढाईच्या वेळची सिमेंटची धावपट्टी ओस पडली होती. विमानं कधीच गेली, आता गुरं यायची. तिथं पुण्याचे काही हौशी लोक डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणं तयार करायचे आणि वर्षातला एक रविवार गाड्या पळवायचे. यात काय मिळतं हे त्यांनाच ठाऊक.

"ज्योतीराम," दौलतराव म्हणाले, "आमच्या कारखान्याच्या गॅरेजमध्ये टायरवाल्याची जागा निघालीय. पक्की नोकरी आहे. या रविवारी माझ्या गाडीचे टायर तू सांभाळ. जमलं तर सोमवारी कामावर ये." आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत होतं, चारही चाकांत बावीस.

रविवारी सकाळी माळावर ज्योतीरामने हवा मोजायचं गेज लावून चारही चाकांत बावीस भरली. मग चाकांकडे बघत उभा राहिला. जो माणूस आपल्या डोक्यावर छप्पर घालणार, त्याला बावीस म्हणजे बावीस? पाहुण्याला एकदाच वाढून ताट उचलायचं? छे! त्याने प्रत्येक चाकात चार-चार पौंड वर घातली, तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं.

सरावाच्या पहिल्या तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीला पिंप म्हणालं वळ, दौलतराव म्हणाले वळ, गाडी मात्र सरळ गेली. एक पिंप बरोबर घेऊन ती शेजारच्या रानात शिरली आणि बांधावर बसलेल्या गेनबासमोर थांबली. रान गेनबाचंच होतं.

"नांगरायचंच व्हतं, सायेब," गेनबा म्हणाला, "पर आडवं न्हाई."

दौलतरावांनी कपडे झटकले आणि चाकाला गेज लावलं. एकतीस.

"सकाळी बावीसच होती ना?"

ज्योतीरामने मान हलवली. होय की नाही हे त्या मानेवरून कळलं नसतं, पण दौलतरावांनी होय धरलं. "म्हणजे तापून नऊ चढली. फारच चढते ही. मला पळताना बावीस हवी. चाकं थंड झाली की तेरा ठेव." एवढं बोलून ते सावलीत डबा खायला गेले.

ज्योतीरामने मनात हिशेब केला. तेरा! तेरा पौंडात टायर पहिल्याच वळणाला रिंग सोडणार, गाडी उलटणार, आणि गाडीला टप नाही. गुपचूप बावीस भरावी म्हटलं, तर दौलतराव निघण्याआधी गेज लावणार. खरं सांगावं, तर नोकरी गेली. दुकान तर गेलंच होतं. शालनबाईने बांधून दिलेली भाकरी मांडीवर तशीच होती. त्याला भीती वाटत होती, आणि लाज त्याहून जास्त. शेवटी भाकरी तिथंच ठेवून तो उठला.

"साहेब, बावीस नव्हती. सव्वीस होती."

"का?"

"तुमच्यासाठी वर चार घातली."

"मी मागितली होती?"

"मागून दिली तर ती वरची कशी, साहेब?"

दौलतरावांनी हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे पाचच चढली. तर मग सतरा."

नोकरी गेलीच होती, तेव्हा ज्योतीरामला आता खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. "सतरा पण नको. टायर बघा की! मधली नक्षी घासलीय, कडा अजून कोऱ्या. नुसत्या फुगलेल्या पोटावर गाडी पळाली, तिनं रस्ता धरायचा कशानं?" त्याने चंचीतून चुन्याची डबी काढली, सतरा भरली आणि टायरच्या नक्षीपासून बाजूच्या अक्षरांपर्यंत बोटाने चुन्याचा पट्टा ओढला. "एक चक्कर हळू मारा."

दौलतराव चक्कर मारून आले. चुना पार अक्षरांपर्यंत पुसला होता. टायर वळणाला दुमडत होता. मग बावीस भरली, नवा पट्टा ओढला. या वेळी चुना बरोबर कडेपर्यंत पुसला आणि तिथंच थांबला.

"हे बसलं," ज्योतीराम म्हणाला. "थंड असताना बावीस. मग तापून चढंल तेवढी चढू द्या."

"चिठ्ठीत तेच होतं," दौलतराव म्हणाले.

"व्हय," ज्योतीराम म्हणाला.

दुपारच्या शर्यतीत चार गाड्या होत्या. दौलतराव तिसरे आले, चौथीचं इंजिन बंद पडलं होतं. पण एकाही वळणाला गाडी घसरली नाही. गेनबा शेवटपर्यंत बांधावर बसून होता आणि थोडा नाराज होऊन घरी गेला.

ज्योतीराम पंप बांधून निघाला तेव्हा दौलतरावांनी हाक मारली. "उद्या आठला ये."

"मी? खोटं बोलूनसुद्धा?"

"तू बोलला नसतास आणि मी तेरावर निघालो असतो, तर उद्या कारखान्याला नवा मॅनेजर शोधावा लागला असता. ये तू. अट एकच, वरची हवा बंद. बावीस म्हणजे बावीस."

ज्योतीराम गॅरेजमध्ये लागला. दिवाळीत चिंच पडली तेव्हा तो तिकडे फिरकलाही नाही. अट त्याने पाळली. दर सोमवारी दौलतरावांच्या गाडीत तो बावीस भरायचा, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही, आणि दर सोमवारी त्याला वाटायचं की आपण या माणसाला उपाशी उठवतोय.

पण गाडीच्या मागे स्टेपनी होती. ती पळत नव्हती, वळत नव्हती, कुणाला उलटं करत नव्हती. ज्योतीरामने तिच्यात बावीस भरली, इकडेतिकडे बघितलं आणि वर चार घातली.

वर्षभराने दौलतरावांनी एकदा सहज स्टेपनीला गेज लावलं. सव्वीस. त्यांनी ज्योतीरामकडे बघितलं. ज्योतीरामने जमिनीकडे बघितलं.

"राहू दे," दौलतराव म्हणाले, आणि गेज खिशात ठेवलं.