हात हुंगणारे अण्णा

अण्णा समोरून आले की भलेभले हात पाठीमागे घ्यायचे. रामराम करायच्या निमित्ताने ते तुमचा हात धरत आणि बोटं सरळ नाकाशी नेत. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकावर जमादार झडती घेऊन बिडी-काडेपेटी काढून ठेवायचा. आत शिरलं की दुसरी झडती अण्णांची. गांजाचा वास आला तर म्हणत, "काहून गा, सकाळी सकाळीच आरती करून राहिला का?" समोरचा लाजून अर्धा व्हायचा.

अण्णा आमच्या सेक्शनमधले जुने लेथवाले आणि कांचघर मोहल्ल्यात माझे शेजारी. तरुणपणी स्वतः पट्टीचे गांजेकस. थोरल्या मुलीच्या बारशाच्या दिवशी ग्वारीघाटावर गेले, चिलीम नर्मदेत टाकली, घरी येऊन गाढ झोपले आणि सकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बस्स, सुटली! "सोडायचं म्हटलं की सुटते," ते सांगत. "कमी करतो म्हणणारा आपल्याच मनाला फसवून राहिला." माझं तर त्याहून सोपं. रात्रपाळीनंतर मी भांगेची गोळी घेत असे. लग्न झालं, दिवसपाळी मिळाली, आणि ती कधी बंद पडली हे मलाच कळलं नाही. आम्हा दोघांना वाटायचं, हे असंच असतं.

अण्णांचा धाकटा भाऊ विष्णू मात्र चिलमीत पुरता अडकला होता. तो कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज जोडायचा. पासष्टची लढाई लागली, बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या आणि अण्णांचा धीर सुटला. "याचा हात हलला तर दहा घरांत रडारड होईन," ते मला म्हणाले. ते खरंच होतं. त्यांनी विष्णूला घाटावर नेलं, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि शपथ वदवून घेतली. आमच्या जबलपुरात माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण नर्मदामैय्याचं पाणी हातात घेऊन बोलणार नाही.

विष्णूने प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. मी पाहिलंय. रात्र रात्र तो अंगणात फेऱ्या घालायचा, सदरा घामाने भिजायचा, जेवणाचं ताट समोर आलं की ढकलून द्यायचा. असे कित्येक दिवस काढले. मग एका संध्याकाळी अण्णांनी त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला. मी ओसरीवर बसलो होतो.

"ओढली?"

"दादा, दिवसा शिवत नाही मी. कामाच्या आधी तर नाहीच. चाराची एक झाली आहे. रात्री फक्त. झोपच येत नाही हो."

"शपथ काय अर्धी मोडते?"

"तुम्हाला जमलं, दादा. मला हळूहळू जमून राहिलं. थोडा वेळ द्या ना."

"मैय्याची शपथ मोडणाऱ्याला या घरात पाणी नाही," अण्णा म्हणाले. वहिनी दारात वाढलेलं ताट घेऊन उभ्या होत्या. विष्णू सायकलही न घेता निघून गेला.

नोकरी सुटली. तो कुंडम गावी लाकडाच्या वखारीवर राहतो असं कळलं. वहिनी रडायच्या, बोलवा म्हणायच्या. अण्णांचं उत्तर एकच, "पुरती सोडून ये म्हणावं." मला त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

पुढच्या पावसाळ्यात विष्णू तापाने पडल्याचा निरोप आला. अण्णा आणि मी बसने गेलो, पण हिवतापाने आमच्या आधीच त्याला नेलं होतं. वखारीचा चौकीदार म्हणाला, "बहुत भला आदमी था भैया. बस इतवार को एक चिलम. कहता था, ये भी छूट जाए तो घर जाऊँगा."

अण्णांनी भावाचा हात उचलला, सवयीने नाकाजवळ नेला आणि तसाच धरून बसले. खूप वेळाने चौकीदारानेच तो त्यांच्या हातातून सोडवला.

त्यानंतर त्यांनी कोणाचाही हात हुंगला नाही. संध्याकाळी कारखान्यातली गांजेकस मंडळी त्यांच्या ओसरीवर येऊ लागली. कोणी एकदम सोडलेला, कोणी कमी करणारा, कोणी दर महिन्याला सोडून पुन्हा धरणारा. अण्णा सगळ्यांना चहा पाजत. "कालच्यापेक्षा कमी झाली ना? चलो, उद्या ये." अण्णा मऊ पडले, असं लोक हसून म्हणत. एकदा ते मला म्हणाले, "आम्हा दोघांची आई एक, नदी एक, माल एक. मला सुटली, त्याला सुटेना. यात माझं काय कौतुक होतं गा?"

शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. मी खाटेजवळ बसलो तेव्हा त्यांनी माझा हात चाचपला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा नाकाशी नेला.

"विष्णू, ओढली का रे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "रविवारी फक्त, दादा."

"चालते," अण्णा म्हणाले. "चल, घरी चल. सगळे जेवायचे थांबलेत."