माझ्या मुलीची पाळी सुरू करा!

आमच्या घरात माणसं तीन, आणि पाळी फक्त मला होती.

म्हणजे, तसा माझा समज होता. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. आठवडा बदलला की पाळी बदलायची. "बाबांची पाळी कुठली?" हे विचारूनच आमच्याकडे कुकर लागायचा आणि पाहुण्यांना बोलावणं जायचं. घरातल्या बायकांना मात्र 'अडचण' असायची. लग्नानंतर पहिल्यांदा सौ. म्हणाली, "मला जरा अडचण आहे," तेव्हा मी खिशात हात घालून "किती हवेत?" असं विचारलं होतं. (हे ती अजून सांगते. पाहुण्यांना!) पुढे मुलगी मोठी झाली, तिलाही अडचण येऊ लागली. पण पाळी हा शब्द खास माझा. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आणि स्वप्नं तर मला भरपूर पडायची! तिसरी पाळी करून माणूस सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला, की तो धड जागा नसतो आणि धड झोपलेलाही नसतो. खिडकीबाहेर कळंबोलीची खाडी धुक्यात वितळलेली, लांबवर कर्नाळ्याचा सुळका ढगात नुसता टेकवून ठेवलेला, आणि मी काचेला डोकं लावून तरंगतोय. अशा वेळी मला नेहमी एकच दृश्य दिसायचं. मोठं मैदान, बँड, आणि उंच पायरीवर गळ्यात पदक घालून उभी आमची मिनू. कुणीतरी माझ्या हातात माईक द्यायचं. मी भाषणाला सुरुवात करणार, एवढ्यात ड्रायव्हर ओरडायचा, "सावंत, उतरा! रोज काय सांगायचं?"

मिनू तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. सकाळी नवीन पनवेलहून सुकापूरच्या रस्त्याला लागायची आणि बांधकामांच्या धुळीतून पलीकडच्या भातखाचरांपर्यंत जाऊन यायची. राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. आता मुलगी एवढं धावते म्हटल्यावर बापानेही काहीतरी करायला नको का? मी एका पुरवणीत लेख वाचला: अंग हलकं, तर वेग जास्त. झालं! मी आहाराचा कारभार हातात घेतला. भात बंद. भाकरी बंद. तूप, शेंगदाणे, दूध बंद. मच्छी फक्त बघायला. सकाळी उकडलेले मूग, दुपारी काकडी, संध्याकाळी काकडीची आठवण!

"अहो, पोरगी एवढी पळते, तिला पोटभर खाऊ द्या ना!" सौ. म्हणायची.

"तुला विज्ञान कळत नाही. ट्रक रिकामा असला की कसा पळतो?"

"रिकामा म्हणजे माल नसतो हो त्यात. डिझेल असतंच ना?"

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मिनू बिचारी निमूट काकडी चावायची. तिलाही ती निवड हवीच होती, माझ्याहून जास्त हवी होती. सुरुवातीला तिचा वेग वाढला तेव्हा मी कंपनीत सगळ्यांना सांगत सुटलो. मग हळूहळू ती संध्याकाळी सोफ्यावर नुसती पडून राहू लागली. खिडकीबाहेर बघताना तिच्या चेहऱ्यावर फार स्वप्नाळू भाव असायचा. मला वाटायचं, बापावर गेली! तिलाही मैदान दिसतंय, बँड ऐकू येतोय. (तिला तेव्हा तांदळाची भाकरी आणि सुकट दिसायची, हे तिने नंतर सांगितलं.) मधूनच ती डाव्या नडगीवरून हात फिरवायची. "काय गं?" विचारलं की म्हणायची, "काही नाही बाबा, थोडं ठणकतं."

असाच एका रविवारी सकाळी तिसरी पाळी करून आलो आणि आडवा झालो. पंखा फिरत होता, खाली भंगारवाला लांबच लांब ओरडत चालला होता, आणि मी त्या आवाजावर बसून हळूहळू मैदानाकडे निघालो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुजबूज ऐकू आली.

"आई, पाळी बंद झालीय माझी."

"काय सांगतेस! कधीपासून?"

"बरेच महिने झाले. मॅडम विचारत होत्या, मी काही बोलले नाही."

"बाबांना नको हं सांगूस. घाबरतील उगाच."

मी ताडकन उठून बसलो. पाळी बंद! मिनूच्या कॉलेजचा सराव दोन वेळा चालायचा. सकाळी निवडक मुलींचा, संध्याकाळी बाकीच्यांचा. म्हणजे हिची सकाळची पाळी बंद केली? आणि कित्येक महिने? मग पोरगी रोज सुकापूरच्या रस्त्याला एकटी पळत होती, ती लाजेने! आमच्या कंपनीत माणसाला काढायचं असलं की असंच करतात. आधी पाळी बंद, मग माणूस बंद. खरं तर उठून आत जायचं आणि सरळ विचारायचं, एवढंच करायला हवं होतं. पण पुरी झोप न झालेल्या बापाला सरळ रस्ता दिसत नाही. मी पायजम्यावरच शर्ट चढवला, स्कूटरला किक मारली आणि "दूध आणतो!" असं ओरडून निघालो. (घरात दूध मीच बंद केलं होतं, हे सौ.च्या लक्षात आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.)

कॉलेजच्या मैदानावर नेमकी पालकांची सभा चालू होती. सतरंजीवर आया बसलेल्या, बाप लोक मागे हाताची घडी घालून उभे, आणि समोर खुर्चीवर मुलींच्या प्रशिक्षक म्हात्रे मॅडम. मॅडम मूळच्या चिरनेरच्या. स्वतः एके काळी धावलेल्या, उन्हाने रापलेल्या, आणि आवाज असा की शिट्टीची गरज नाही. सभेत त्या शुद्ध बोलायच्या, पण मनातलं काही आलं की गावची बोली यायची.

मी सरळ सतरंजीच्या मधून चालत गेलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मॅडम, माझ्या मुलीची पाळी बंद झाली आहे!"

एका आईच्या हातातला वेफर तोंडाजवळ थांबला. मागचे सगळे बाप एकाच वेळी आभाळाकडे बघू लागले.

मॅडम सावकाश उठल्या. "कधीपासून?"

"तेच तर मला विचारायचंय! बरेच महिने म्हणे. आणि मला, तिच्या सख्ख्या बापाला, घरात पत्ता नाही! ही काय पद्धत झाली? असल्या गोष्टी बापाला सांगायला नकोत?"

मॅडमच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्या सभेकडे वळल्या. "ऐकलात का सगल्यांनी? एवढी वर्सं मी पोरी पळवतेय, पण पाळीचं उघड विचारणारा पयला बाप आज बघितला. आमी बायकाच दबक्या आवाजात बोलतो! बोला दादा, तुमीच बोला. या लोकांना कलू दे."

टाळ्या झाल्या. आणि इथे माझा पार घात झाला, कारण ते अगदी माझं बसमधलं स्वप्न होतं! मैदान, माणसं, टाळ्या. फक्त माईक नव्हता. मी घसा साफ केला.

"मंडळी, पाळी वेळच्या वेळी असलीच पाहिजे! मी स्वतः पंचवीस वर्षं पाळी करतोय."

टाळ्या जरा विरळ झाल्या.

"पहिली केली, दुसरी केली, तिसरी केली. तिसरी सगळ्यात वाईट. अंगाचं पार पिठलं होतं! पण मी कधी तक्रार केली? लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी पाळीवर हजर होतो!"

सतरंजीवरच्या बायका पदरात तोंड लपवून हलत होत्या. मला वाटलं, गहिवरल्यात. मी आवाज चढवला, "तेव्हा मॅडम, ते काही नाही. तुमच्या हाताखाली बंद झाली, तर तुम्हीच माझ्या मुलीची पाळी उद्यापासून सुरू करा! सकाळची द्या, संध्याकाळची द्या, आमचं काही म्हणणं नाही!"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी कामाला कुठं हाव?"

"तळोज्याला. तीन पाळ्यांत."

"हां," म्हणत मॅडम खुर्चीत बसल्या. मग मला खाली वाकायला लावून माझ्या कानाशी म्हणाल्या, "दादा, सरावाची नाय. बायांची पाळी. घरात काय म्हनतात तुमच्याकडं?"

"अडचण," मी म्हणालो. आणि मला सगळं कळलं! तेव्हा घरोघरी मोबाइलवर व्हिडिओ काढायची पद्धत नव्हती, एवढंच माझं नशीब.

पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला कडुलिंबाखाली नेलं आणि विचारलं, "पोरगी खाते काय?"

मी काकडीपासून सुरुवात केली. मॅडमचा चेहरा बदलत गेला. "पाय दुखतो बोलते का कदी?"

"नडगी ठणकते म्हणते. थोडीशी."

"तरी मी इचारत होते तिला! दादा, तुमच्या कंपनीत कच्चा माल यायचा बंद झाला, तर काय करतात?"

"पाळी बंद करतात."

"मग? अंग पन तेच करतं. पोरगी एवढी पळते आन् पोटात काय नाय, मग ते पयली पाळी बंद करतं. आन् पाळी गेली का हाडं पन कच्ची पडतात. पोरींना वाटतं, बरं झालं, कटकट गेली. कटकट नाय ती, दादा, ती अंगाची हाजरी हाय. अशीच पळवलीत तर निवड रायली बाजूला, नडगी मोडून बसेल. उद्या डॉक्टरीणबाईंकडे न्या तिला."

मी आयुष्यभर पाळी करत आलो, पण पाळी बंद का पडते हे मला त्या कडुलिंबाखाली कळलं. स्कूटर चालवत घरी येताना मला खूप रडू आलं. आख्खं पनवेल त्या उन्हात नुसतं पाणी पाणी दिसत होतं. माझ्या स्वप्नातली ती उंच पायरी मी पोरीच्या हाडांतून उकरून काढत होतो की काय!

घरी पोचलो तर माझ्या आधी बातमी पोचली होती. मिनू दारातच उभी.

"बाबा! तुम्ही मैदानावर काय बोललात?"

"पाळी सुरू करा म्हणालो."

"सगळ्यांसमोर?"

"टाळ्या वाजवल्या लोकांनी," मी म्हणालो.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ही जन्मात माझ्याशी बोलणार नाही. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. मी दाराला कान लावला. पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती! मग तो हसण्याचा आवाज बदलला आणि ती रडायला लागली. मी बाहेरूनच म्हणालो, "मिनू, निवड गेली खड्ड्यात. आधी जेव."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पायाचा फोटो काढला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. धावणं पूर्ण बंद. निवड चाचणी मिनूशिवाय झाली, आणि त्या दिवशी आम्ही तिघंही घरात फार हळू बोलत होतो. मिनूने खिडकी सोडली नाही.

मग मात्र आमच्या स्वयंपाकघराने कात टाकली. तांदळाची भाकरी, नाचणी, दूध, तिळाची चटणी, अंडी, बोंबील! मी बाजारातून पिशव्या वाहत होतो, सौ. विजयी मुद्रेने तव्यावर भाकऱ्या टाकत होती. मिनूच्या गालांवर रंग आला. चीर भरली. डॉक्टरीणबाईंनी आधी चालायला सांगितलं, मग जरा जपून पळायला. पण जे यायला हवं होतं, ते काही येईना. मी रोज कामावरून आलो की सौ.च्या तोंडाकडे बघायचो आणि ती नकाराची मान हलवायची.

आणि एका सकाळी मी पहिल्या पाळीला निघताना न्हाणीघरातून मिनू ओरडली, "आई! बाबांना सांग, पाळी सुरू झाली म्हणून. नाहीतर परत जातील मैदानावर!"

मी दारात उभा राहून देवाला हात जोडले. सौ. म्हणाली, "आणि हे बघा, कुणाला सांगू नका हं!"

"छे छे!" मी म्हणालो, आणि नाक्यावर पेढ्यांचा बॉक्स घेऊनच बसमध्ये चढलो.

पनवेलचे आमचे जुने सोबती इस्माईलभाई शेजारी बसले होते. पेढा हातात घेऊन म्हणाले, "माशाल्ला! कसली खुशी?"

मी अर्धवट स्वप्नातच होतो. तोंडातून निघून गेलं, "मुलीची पाळी सुरू झाली."

"अरे वा, बेटी कामाला लागली! रात्रपाळी तर नाही ना देत तिला?"

"नाही हो," मी म्हणालो, "महिन्यातून एकदाच असते."

इस्माईलभाईंचा पेढा हातातच राहिला. "महिन्यातून एकदा? बस? सावंत, खुदा के वास्ते, असली पाळी माझ्या पोरालाही लावून द्या!"

आणि मी, मैदानावर टाळ्या घेतलेला पनवेलचा एकमेव पाळीतज्ज्ञ, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बघतो, मॅडमकडे शब्द टाकून!"