न वाजवलेल्या तबकड्या

ती कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा मी टेपरेकॉर्डर उघडून त्याचं हेड स्पिरिटने पुसून काढलं. पुन्हा लावली. तीच घरघर, तोच कुठेतरी पंप चालल्यासारखा ठेका, आणि त्यावर एक माणूस झोपेतून उठवल्यासारखा गातोय. यंत्रात बिघाड नव्हता. त्यांना तसंच वाजवायचं होतं.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. पूर्णगडचा माझा एक वर्गमित्र मालवाहू बोटीवर होता, त्याने ती कॅसेट कुठल्याशा बंदरातून आणली होती. "तुझ्या लॅबमधल्यासारखा आवाज येतो, म्हणून घेतली," म्हणाला. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. आमच्याकडे ऑसिलेटर नावाची एक पेटी होती, बटण फिरवलं की तिचा सूर चढायचा, उतरायचा. मुलं त्यावर कंटाळत आलेख काढत. इंग्लंडातल्या कुठल्याशा कारखान्यांच्या गावात, पंक म्हणवणाऱ्या बँडांचा गिटारबडव ओसरल्यावर, काही पोरांनी तसल्याच पेट्या घरी जोडून गाणी केली होती. मला राहवेना. हा आवाज कशाचा, तो कशाचा, पत्र्यावर काय मारलंय, एवढं शोधण्यात माझ्या संध्याकाळी जाऊ लागल्या.

मग मला गोळा करायचा नाद लागला. वर्गमित्र बोटीवर निघाला की मी त्याच्या हातात चिठ्ठी द्यायचो आणि तो परदेशातल्या जुन्या बाजारांत हिंडून त्या बँडच्या तबकड्या आणायचा. त्यांच्याबरोबर कधी एखादा बिल्ला यायचा, कधी कार्यक्रमाचं फाटकं तिकीट, तर कधी चार घड्या पडलेलं भित्तिपत्रक. बँडचं नाव सांगत नाही, सांगून आजवर कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हललेली नाही.

दोन हजार सालच्या आगेमागे त्याने त्यांची अगदी पहिली, बशीएवढी तबकडी आणली. तिच्या मागच्या बाजूचं गाणं त्यांनी पुढे कुठेच घेतलं नाही. माझ्या कॅसेटमध्ये ते नव्हतं, आणि गावात नव्याने निघालेल्या इंटरनेट कॅफेत दोनदा पैसे घालवूनही सापडलं नाही. हातात नुकत्या आलेल्या पेट्यांतून त्या पोरांनी पहिल्यांदा काय काढलं असेल? मला तेवढंच ऐकायचं होतं.

पण माझ्याकडे प्लेअर नव्हता. ओळखीत फक्त एका लाऊडस्पीकरवाल्याकडे होता, पूर्वी लग्नांत तो रेकॉर्डी लावायचा. तबकडी हातात घेऊन त्यानेच मला सावध केलं. "आमची सुई म्हंजे नांगर हो. ऐकायला मिळेल, पन चरे पडतील. मग मला बोलू नका." मी तबकडी घरी परत आणली. एकदा ऐकून कायमची नासवायची, की न ऐकता जपायची? मी जपायची ठरवली. कपाट उघडून बघायचो, पाकिटाचा वास घ्यायचो, बंद करायचो. शहाणा माणूस असं करत नाही, हे मलाही कळत होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात एक दिवस कॉलेजातून घरी आलो तर आईने पावसाआधीची, आगोटीची वाळवणं घातली होती. घरापुढच्या खळ्यात आमसुलं, मिरच्या, गोधड्या, आणि चटईवर ओळीने माझ्या तबकड्या. पाकिटांवर पांढरी बुरशी दिसली म्हणून तिने एकूण एक पुसून उन्हाला लावली होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटांची अदलाबदल होऊ नये यासाठी प्रत्येक तबकडीखाली तिचंच पाकीट ठेवलं होतं. मोठ्या तबकड्यांच्या तोवर उन्हाने वाकून परड्या झाल्या होत्या. लहान तबकडीवर आंब्याची सावली आली होती, तरी तिची कड लाटेसारखी वर उठलेली.

संताप आला, खोटं कशाला सांगू. पण ती नीट मांडलेली पाकिटं बघून मी चटईजवळ बसलो आणि एकेक कड बोटाने दाबून बघू लागलो. आईच्या लक्षात आलं. तिने लहान तबकडी उचलून दोन्ही हातांवर धरली.

"वाजेल ना रे ही?"

"काय ठाऊक. कधी वाजवलीच नाय."

"एकपन नाय?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग आणलीस कशाला बाबा?"

आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तबकडी घेऊन निघालो, तर आई साडी बदलून दारात उभी. "मी बिघडवली ती काय होती ता मला कळूदे तरी," म्हणाली.

लाऊडस्पीकरवाल्याने तिला खुर्ची दिली, तबकडी उलटी ठेवून सुई टेकवली. आधी नुसती खरखर आली. मग एक सूर जमिनीतून उगवावा तसा हळूहळू वर आला, वाकड्या कडेमुळे डुलत डुलत. कुणीतरी पत्र्यावर बोटं वाजवत होतं. मध्येच एक पोरगा खुदकन हसला आणि बाकीच्यांनी न थांबता तसंच पुढे रेटलं. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पेटीतून पुढे काय निघणार ते! इतका आनंद मला त्या कपाटाने कधी दिला नव्हता.

गाणं संपलं. सुईच्या टोकाला काळा कीस लागला होता, तो लाऊडस्पीकरवाल्याने फुंकरीने उडवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी घाईघाईने पाकीट पुढे केलं.

"थांब," आई म्हणाली. ती खुर्ची ओढून प्लेअरजवळ सरकली होती. "तो हसला का, ता मला कळला नाय. परत लाव."

"आई, परत लावली तर आणखी चरे पडतील."

"पडूदेत की. मी ऐकत्येय ना."

मी पाकीट बाजूला ठेवलं आणि सुई उचलून पुन्हा कडेवर टेकवली.